छोटा कॅमेरा की मिररलेस? इंदूरच्या एका घरातला निर्णय

लोकमान्य नगरात आमच्या दोन घरं पलीकडे राहणाऱ्या काकू शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी एक काम मनावर घेतलं. घरातलं जे जे आपल्याबरोबर पुसलं जाईल असं त्यांना वाटतं, ते लिहून काढायचं, त्याचे चांगले फोटो काढायचे आणि नातवंडांसाठी एक छापील पुस्तक करायचं. यादी त्यांनी वहीत उतरवली होती. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं सोळा भाज्यांचं ताट, पुरणाच्या दिव्यांची आरती, सासूबाईंच्या पद्धतीचा भुट्ट्याचा कीस, रात्रीचा सराफा, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे सजवलेले देखावे. झांक्यांवर त्यांचा विशेष जीव, कारण सासरे हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांची देणी चुकती व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला, पण मिलची झांकी निघत राहिली. त्या रात्री रस्त्याच्या कडेला उभं राहून ‘आपली’ झांकी पाहणं हा या घरातला नेम आहे.

२०२४च्या श्रावणात कॅमेऱ्याचा प्रश्न माझ्याकडे आला. बजेट ऐंशी हजार. काकांनी दुकानात जाऊन कॅनन ईओएस आर५० हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा पाहून ठेवला होता, १८-४५ मिमीच्या किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्ससह. काकूंना हवा होता पर्समध्ये मावणारा, आणि त्यांच्या भाच्याने सुचवलेला होता कॅननचाच पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. दोन्ही बजेटमध्ये बसत होते, फक्त छोटा मिळणं अवघड होतं. गेल्या काही वर्षांत रील करणाऱ्या मुलामुलींनी छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आणली आहे आणि तेव्हा हे मॉडेल कितीतरी ठिकाणी ‘स्टॉक नाही’ असंच असायचं.

काकांचं म्हणणं सरळ होतं. “एवढे पैसे घालायचे तर खरा कॅमेरा घ्यावा. पुढे लेन्स बदलता येतील. सिरपूरच्या तलावावर पक्षीही काढता येतील.” दुकानदारानेही तेच सांगितलं होतं, वर एक आकडा जोडून: मिररलेसचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, तिप्पट मोठा. काकूंचा मुद्दा वेगळा होता. “अगं, तो मोठा डब्बा काढला की आमच्या मावशी पदर सावरून देवासमोर बसल्यासारख्या बसतात. मला त्या पुरण वाटताना हव्यात.”

मोबाईलचा विचार आम्ही केला आणि लवकरच बाजूला ठेवला. स्थिर ताटाचा फोटो आजचा चांगला मोबाईल सुरेख काढतो. पण अंधारात तो अनेक फ्रेम एकत्र करून चित्र बनवतो, त्यामुळे हलणारा हात, उडणारी वाफ, मान वळवणारं मूल यांच्या कडा पुसट होतात. शिवाय काकूंचा मोबाईल संध्याकाळी नातवाच्या हातात असतो, हेही तितकंच खरं.

तिप्पट सेन्सर आणि त्यापुढचं गणित

दुकानदाराचा आकडा बरोबर आहे. आर५०चा एपीएस-सी सेन्सर २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे सुमारे ३३२ चौरस मिमी. जी७ एक्सचा ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. गुणोत्तर २.८६. इतर सगळं सारखं असेल तर मोठ्या सेन्सरवर जवळपास तिप्पट प्रकाश गोळा होतो आणि अंधारातल्या फोटोत दाणे कमी दिसतात.

पण इतर सगळं सारखं नसतं, आणि या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला. किट लेन्सचं छिद्र रुंद टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/४.५ आणि लांब टोकाला एफ/६.३. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. छोट्या कॅमेऱ्यातल्या लेन्सचं रुंद टोकाला एफ/१.८ आणि पूर्ण झूम केल्यावर एफ/२.८. छिद्राच्या आकड्यांचा वर्ग करून तुलना करायची असते: ४.५ला १.८ने भागलं की २.५, त्याचा वर्ग ६.२५. म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर छोट्या कॅमेऱ्याची लेन्स सव्वासहा पट प्रकाश टाकते. मोठ्या सेन्सरच्या २.८६ पट आघाडीने त्याला भागलं तरी एकूण प्रकाश छोट्या कॅमेऱ्यातच दुपटीहून जास्त उरतो. लांब टोकालाही हेच गणित केलं तर पावणेदोन पट.

हे काकांना पटायला वेळ लागला आणि तो लागणं स्वाभाविक आहे. दिसायला मोठा कॅमेरा, आत मोठा सेन्सर, आणि अंधारात मागे? पण दुकानात तुलना बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची होते. फोटो मात्र बॉडी आणि लेन्स मिळून निघतो आणि पहिल्या कॅमेऱ्यावर बहुतेक घरांत वर्षानुवर्षं तीच किट लेन्स राहते. म्हणून मी नेहमी एकच गोष्ट विचारते: या कॅमेऱ्यावर रोज कोणती लेन्स असणार आहे?

लेन्स बदलून हे गणित उलटवता येतं, ही मिररलेसची खरी ताकद. आम्ही तोही हिशेब केला. कॅननची ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आहे, वजन १६० ग्रॅम, आणि तिच्यासह आर५० छोट्या कॅमेऱ्याला अंधारात सहज मागे टाकतो. पण कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर ती १.६ पटीने, म्हणजे ८० मिमीसारखी, बरीच जवळ ओढल्यासारखी दिसते. चेहऱ्यासाठी उत्तम, पण काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून मागच्या फडताळापर्यंत जेमतेम अडीच पावलं आहेत. तिथे ८० मिमीने एकतर हात येईल किंवा कढई. सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ त्याच वर्षी कॅननच्या माउंटसाठी बाजारात आली होती. तिच्यासह रुंद टोकाला दोन्ही कॅमेरे जवळपास बरोबरीचे, आणि झूम केल्यावर आर५० पावणेतीन पट पुढे. तीच मला मिररलेसची योग्य जोडी वाटली. मात्र तिच्यासकट हिशेब ऐंशी हजारांच्या बराच वर जात होता, आणि लेन्सचं वजनही तीनशे ग्रॅम. काकूंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “बजेट ऐंशीच आहे. त्यातच बोला.”

रुंदीचा मुद्दाही याच स्वयंपाकघरातून आला. किट लेन्सचे १८ मिमी १.६ने गुणले की जवळपास २९ मिमी, तर छोट्या कॅमेऱ्याची सुरुवात २४ मिमीपासून. कागदावर पाच मिमीचा फरक मोकळ्या मैदानात जाणवतही नाही. अरुंद खोलीत मात्र त्या फरकात फडताळाची एक बाजू आणि खिडकी मावते.

हातात घेतल्यावर

कागदावरच्या हिशेबाने कॅमेरा घेऊ नये. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीचा आर५० आणि एका मित्राचा जी७ एक्स थोडे दिवस मागून आणले आणि काकूंच्या हातात दिले.

सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं मिटतात आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याची दुकानं मांडली जातात, म्हणजे काकूंना हवा तो सगळा उजेड दिव्यांचाच. दहीवड्याचा द्रोण हवेत फिरवून झेलणारा हात गोठवायचा तर शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद तरी हवा. छोट्या कॅमेऱ्यावर एफ/१.८ला तो आयएसओ १६००वर मिळाला. आयएसओ म्हणजे प्रकाशासाठीची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणेही वाढतात. त्याच जागी, त्याच शटरला किट लेन्सने आयएसओ १०००० मागितला. घरी दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर लावले. १००००च्या फोटोत दह्याचा पांढरा भाग करडा, दाणेदार झाला होता. १६००च्या फोटोत दाणे होते, पण तिखटाचा लाल आणि जिऱ्याचा तपकिरी वेगळा कळत होता. काका चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले. वाद तिथे निम्मा मिटला.

उरलेला निम्मा मिररलेसच्या बाजूचा होता आणि तो मला टाळायचा नव्हता. फोकसमध्ये आर५० फार पुढे आहे. नातू जिलेबीच्या दुकानासमोर पळत होता, तर आर५०ने त्याचा डोळा धरला तो सोडलाच नाही. छोटा कॅमेरा जुन्या कॉन्ट्रास्ट पद्धतीने फोकस शोधतो. कमी उजेडात तो पुढेमागे करत राहिला आणि मूल तोवर निघून गेलं. धावणारी मुलं हा ज्या घरात मुख्य विषय आहे, तिथे मी आजही आर५०च सुचवेन, किट लेन्ससह असला तरी. काकूंच्या यादीत मात्र धावणारं जवळपास काही नव्हतं. दहीवडेवाल्याचा हात एकाच जागी येतो. तिथे आधीच फोकस लावून ठेवून थांबायचं, हे काकू एका संध्याकाळी शिकल्या.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. साठीच्या आसपासच्या माणसासाठी कॅमेरा निवडताना याकडे कुणी फारसं पाहत नाही आणि मला ते फार खटकतं. आर५०ला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी आहे. त्याच्या बाजूच्या छोट्या चाकाने डोळ्याचा नंबर जुळवून घेतला की चष्म्याशिवाय चित्र स्पष्ट दिसतं, शिवाय कपाळाचा टेकू मिळून कॅमेरा कमी हलतो. जी७ एक्सला व्ह्यूफाइंडरच नाही. काकूंना प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून कॅमेऱ्यामागचा पडदा पाहावा लागतो, म्हणजे हनुवटी वर आणि कॅमेरा छातीपासून लांब. यावर उपाय म्हणून सोनीच्या आरएक्स१०० मालिकेचा विचार केला, कारण तिच्या तिसऱ्या मॉडेलपासून खिशातल्या कॅमेऱ्यातही वर उघडणारा व्ह्यूफाइंडर आहे. पण सातव्या मॉडेलची लेन्स २४-२०० मिमी असली तरी एफ/२.८-४.५ची आहे, म्हणजे अंधारातला फायदा बराचसा गेला, आणि किंमतही बजेटबाहेर. मग आम्ही पट्ट्याची युक्ती केली. गळ्यातला पट्टा आखूड करायचा आणि कॅमेरा पुढे ढकलून पट्टा ताणून धरायचा. पडदा वर वळतो, त्यामुळे पोटाजवळ धरून खाली पाहतही फोटो काढता येतो. काकूंना ही दुसरी पद्धत इतकी आवडली की त्यांचे निम्मे फोटो आता कमरेच्या उंचीवरून आहेत, आणि पाटावर बसून काम करणाऱ्या बायकांसाठी ती उंची बरोबर आहे.

वजन: ३०४ ग्रॅम विरुद्ध किट लेन्ससह सुमारे ५०५ ग्रॅम. दोनशे ग्रॅमचा फरक काकांना किरकोळ वाटला. काकूंचा उजवा अंगठा दुखतो, त्यांना वाटला नाही. त्याहून मोठा फरक जाडीचा. एकाची जाडी सव्वाचार सेंटीमीटर, दुसऱ्याची लेन्ससह अकराच्या आसपास. पहिला पर्समध्ये रुमालाशेजारी राहतो. दुसऱ्यासाठी वेगळी पिशवी लागते, आणि वेगळी पिशवी घरून निघताना आठवावी लागते.

छपाईचा प्रश्न चटकन सुटला. वीस मेगापिक्सेलचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी साधारण १८ × १२ इंच छापता येतो, आणि काकूंचं पुस्तक ए४च्या आकाराचं होतं.

झांक्यांची रात्र

निर्णय छोट्या कॅमेऱ्याचा झाला. तो मिळायला थोडी वाट पाहावी लागली. एका ठिकाणी बिलाशिवाय, भारतातली वॉरंटी नसलेला नग स्वस्तात मिळत होता. मी तो घेऊ दिला नाही. लेन्स आत-बाहेर करणारी मोटर हा अशा कॅमेऱ्याचा सगळ्यात नाजूक भाग असतो आणि तो बिघडला की बदलून लावायला दुसरी लेन्स नसते.

महालक्ष्म्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या आणि कॅमेऱ्याने तिथे आपलं काम केलं. पुरणाच्या दिव्यांची आरती घरातले दिवे मालवून होते. रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सने ज्योतींचा पिवळा धुऊन पांढरट केला, म्हणून सेटिंग उन्हाचं, म्हणजे डेलाइटचं ठेवलं. मग मुखवट्यांवरचा रंग डोळ्यांना दिसतो तसा आला. ताटातल्या भाज्यांचे जवळून फोटो हवे होते. ही लेन्स रुंद टोकाला पाच सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, पण इतकं जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते, म्हणून थोडं मागे सरून झूम करणं बरं पडलं. आणि मावशींनी पदर सावरला नाही.

१७ सप्टेंबरची अनंत चतुर्दशीची रात्र जास्त शिकवणारी होती. झांक्या म्हणजे चालत्या गाड्यांवरची हलती चित्रं आणि त्यांच्यावर हजारो एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मिररलेसचं शटर सेन्सरवरून पट्टीसारखं सरकतं, त्यामुळे जलद शटरला फोटोत आडव्या काळ्या-उजळ पट्ट्या उमटू शकतात. छोट्या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर लेन्समध्येच असतं आणि पूर्ण चित्र एकदम उघडतं. पट्ट्या येत नाहीत, पण एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट असं होऊ शकतं. दोन्हींवर उपाय एकच: शटर १/१०० किंवा १/५० ठेवायचं. कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर मात्र जाऊ द्यायचा नाही, त्यात छोट्यालाही पट्ट्या येतात. काकूंनी १/१०० ठेवलं. हुकुमचंद मिलची झांकी जेल रोडवरून पुढे सरकली तेव्हा त्यांनी घाई न करता, गाडी थबकेल तेवढ्या क्षणांसाठी थांबून फोटो काढले. त्यातला एक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. झांकी मागे, आणि पुढे काका, वडिलांचा फोटो खिशात घेऊन उभे.

२०२५च्या मार्चमधली गेर ही या कॅमेऱ्याची सगळ्यात कठीण परीक्षा, आणि इथे मी काळजीत होते. टँकरमधून रंगाचं पाणी तिमजली घरांवर चढतं, गुलाल हवेत उभा राहतो. दोन्हींपैकी एकाही कॅमेऱ्याला पाणी-धुळीपासून संरक्षण नाही. लोकांना वाटतं लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा धुळीला सुरक्षित. उलट, झूमची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते आणि सोबत बारीक पूड. मिररलेसच्या सेन्सरवर कण बसला तर लेन्स काढून हवेच्या फुग्याने उडवता येतो. छोट्याच्या आत गेला तर कॅमेरा उघडावा लागतो. रंगात उतरायचंच असेल तर ओएम सिस्टमच्या (पूर्वीच्या ऑलिंपसच्या) टफ मालिकेसारखा १५ मीटर पाण्यात चालणारा कॅमेरा वेगळा घ्यावा. त्याचा सेन्सर फार लहान, पण दिवसाढवळ्या चालतो. काकू उतरल्या नाहीत. राजवाड्याजवळच्या नातेवाइकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, थोडं आत उभं राहून, पूर्ण झूम करून म्हणजे १०० मिमीवर त्यांनी गेर टिपली. बंद करण्याआधी, नळी बाहेर असतानाच, मऊ ब्रश आणि फुग्याने साफ करायची सवय मी त्यांना लावली आहे. भर दुपारच्या उन्हात पडदा दिसेना, तेव्हा व्ह्यूफाइंडरची उणीव मात्र पुरती जाणवली.

काकांचे पक्षी

काकांच्या इच्छेचं काय, हे या प्रकरणात अर्धवट सोडणं मला बरोबर वाटत नाही. सिरपूरचा तलाव २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आपल्या शहराच्या कुशीत आहे, आणि थंडीत तिथे पहाटे उभं राहणं हा काकांचा खरा आनंद आहे. छोट्या कॅमेऱ्याचे १०० मिमी तिथे काही कामाचे नाहीत. पण दुकानदार ज्या दोन लेन्सचा जोड देत होता, त्यातली ५५-२१० मिमीही फार पुरत नाही. तिचे ३३६ मिमी होतात, तेही एफ/७.१वर. डिसेंबरात आर५० आणि ती लेन्स मागून आणून काकांना तलावावर नेलं. कमळपक्षी पानावर उभा होता, फोटोत तो पानाच्या रेघेएवढा आला. जांभळी पाणकोंबडी जवळ आली तेव्हा बरी आली, पण सूर्य वर यायच्या आधीचे सगळे फोटो दाणेदार.

त्याच बॉडीवर कॅननची १००-४०० मिमी एफ/५.६-८ लावली तर ६४० मिमीची पोच मिळते. वजन ६३५ ग्रॅम, काकांना पेलेल असं. छिद्र लहान आहे, म्हणजे कोवळ्या उन्हाची वाट पाहावी लागेल. काकांची पेन्शनची थकबाकी येणं बाकी आहे. ती आली की बॉडी आणि ही लेन्स एकदम घ्यायची, मधली ५५-२१० घ्यायची नाही आणि किट लेन्ससाठीही पैसे घालायचे नाहीत, असं ठरलं आहे. तोवर दुर्बीण आहे, आणि काकूंनी त्यांना एक वेगळी वही दिली आहे.